काय लावलं?

आमच्या आज्जीच्या डाव्या पायाला अकरा वर्षं जखम होती.

अकरा वर्षं म्हणजे किती, तर ती झाली तेव्हा मी अकरावीला होतो. मग बारावी, चार वर्षांचं इंजिनिअरिंग, दोन नोकऱ्या, एक लॉकडाऊन, आणि जखम जिथल्या तिथे. घोट्याच्या आतल्या बाजूला, आधी रुपयाएवढी, मग पुरीएवढी, मधेच दोन-तीन महिने भरून यायची आणि पुन्हा फुटायची. आमच्या घरातल्या गेल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही लग्नाचा ग्रुप फोटो काढून बघा, आज्जीच्या लुगड्याच्या काठाखाली पांढऱ्या पट्टीचं टोक दिसतं. आणि ती नेहमी अगदी कडेला उभी असते. कारण वास. ती तसं कधी बोलली नाही, पण कुणाच्या घरी गेली की ती दाराजवळच टेकायची आणि "हितंच वारं बरं लागतंय" म्हणायची. पुढे पुढे जाणंच सोडलं.

आमचं गाव कोयनानगरच्या अलीकडे, हेळवाकच्या बाजूला. गावाकडे जखमेबद्दल विचारायचा प्रश्न एकच असतो : काय लावलं? येणारा-जाणारा प्रत्येक जण तोच विचारतो आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचं काहीतरी सांगतो. आज्जीला जे जे लावून झालं त्याची यादीच करायची तर : हळद आणि तूप. हळद आणि खोबरेल. दगडीपाल्याचा रस. कडुलिंबाचं पाणी. चुलीतली राख (ही एका पाहुण्यांची सूचना. बाबांनी त्यांना चहा पाजून पुढच्याच एस.टी.त बसवलं). मग मेडिकलमधली पावडर. मग ट्यूब. ट्यूबने भोवतालची कातडी लाल होऊन इतकी खाजायला लागली की आज्जी रात्र रात्र जागी. पुढे कळलं की जुन्या जखमेच्या कडेची कातडी फार नाजूक होते आणि मलमांमधली निओमायसिनसारखी औषधंच काही जणांना सोसत नाहीत. मग ते फेस येणारं औषध, हायड्रोजन पेरॉक्साइड. फसफसलं की घाण निघतेय असं वाटून आम्हाला फार बरं वाटायचं. प्रत्यक्षात त्याने नव्याने धरत असलेलं कोवळं मांसही मरतं. म्हणजे आठवडाभर शरीराने जे रचलं ते आम्ही दर रविवारी मन लावून उखडत होतो.

शुगर तपासली होती. पायाची जखम म्हटलं की सगळ्यांना एवढंच सुचतं. शुगर नॉर्मल आली, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि तपास तिथे संपला. "शुगर न्हाई ना? मग हुईल बरी."

सुरुवात कशी झाली हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. २०१३ च्या पावसाळ्यात आज्जीला घोट्यापाशी जळू चावली होती. कोयनेच्या पावसात जंगलाकडच्या वाटेने गेलात तर पायाला चार जळवा घेऊनच घरी येता, त्यात विशेष काही नाही. पण ही जागा खाजली, आज्जीने खाजवली, आणि तिथून पुढे अकरा वर्षं. त्यामुळे निदान झालेलं होतं : जळवेचं विष. आता जळवेला विष नसतं. ती रक्त गोठू नये म्हणून थोडा पदार्थ सोडते, तेवढंच. सुश्रुतसंहितेत तर वाईट रक्त काढायला जळवा लावायला सांगितल्या आहेत. त्याच संहितेत जखमांचे प्रकार आणि त्यांवरचे साठ उपक्रम मोजून दिले आहेत. साठ! आमची यादी विसाच्या आत आटोपली होती.

असो. तर २०२४ च्या जानेवारीत तो पाय गुडघ्यापर्यंत लालेलाल झाला, हुडहुडी भरून ताप आला, आणि बाबांनी मला फोन केला. मी पुण्याहून गाडी काढली आणि आम्ही आज्जीला कऱ्हाडला नेलं. तीन दिवस सलाइनमधून औषधं. लाली उतरल्यावर तिथले सर्जन बघायला आले. त्यांनी आधी जखमेकडे बघितलंच नाही. आज्जीला उभं केलं, स्वतः चार पावलं मागे गेले, दोन्ही पाय बघितले आणि विचारलं, "आजी, हा पाय कधी मोडला होता का?"

आज्जी हसली. "मोडला म्हंजे? भिंत पडली की त्यावर. भूकंपात."

भूकंपाची गोष्ट आम्ही लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार-वीसच्या सुमाराला. आज्जी सोळा वर्षांची, माहेरी, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत झोपलेली. रिश्टर मापावर साडेसहाच्या आसपासचा धक्का. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर आणि भोवतालच्या गावांतली घरं बसली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. (पुढे भरपूर काँक्रीट ओतून ते भक्कम केलं.) आज्जीच्या गोष्टीत गोठ्यातली म्हैस दावं तोडून आधी पळाली आणि त्यामुळे सगळे जागे झाले, हा भाग नेहमी रंगवून यायचा आणि गोष्ट "पण वाचले बघ" यावर संपायची. पायाचं काय झालं हे त्या गोष्टीत कधी आलंच नाही. कारण ती सगळ्यांच्या दृष्टीने वाचलेली होती.

त्या दिवशी डॉक्टरांनी विचारत विचारत उरलेली गोष्ट काढली. नडगीची दोन्ही हाडं मोडलेली. तीन महिने फळ्या आणि प्लास्टर, सगळं आडवं पडून. त्यातच कधीतरी पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती आणि मांडीपर्यंत ठणकायचं. मोडलेला पाय, ठणकणारच, असं सगळ्यांनी धरलं. पाय जुळला. घोटा मात्र आखडला तो आखडलाच. आणि तेव्हापासून डावा पाय रोज संध्याकाळी भरायचा. लग्नात सासूच्या लक्षात येऊ नये म्हणून तिने जोडवी सैल घडवून घेतली होती म्हणे! हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबाही.

कलर डॉपलर केला. पोटरी आणि मांडीच्या खोलवरच्या मोठ्या शिरेत जुन्या गुठळीच्या खुणा निघाल्या. शीर अर्धवट मोकळी झालेली, पण आतल्या झडपा गेलेल्या. हाड मोडणं, महिनोन्महिने न हलता पडून राहणं, ही पायात गुठळी होण्याची अगदी ठरलेली कारणं. १९६७ साली कोयनेच्या खोऱ्यात ती कोण बघणार होतं? आणि बिघाडाला सुरुवात झाली ती तिथून, जळवेपासून नाही.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी जावाची, त्यामुळे फ्लुइड मेकॅनिक्स वापरायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच आली. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण १२० सेंटीमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. रक्ताची घनता १.०६, पाऱ्याची १३.६. १२०० मिलिमीटर गुणिले १.०६ भागिले १३.६. उत्तर साधारण ९३ मिलिमीटर पारा. आज्जी बुटकी, तिचे ८० धरू. म्हणजे नुसतं उभं राहिलं की घोट्याच्या शिरेत एवढा दाब. पण चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून धडधाकट माणूस चालत असताना हाच दाब ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो.

झडपा गेल्या तर? ज्याच्या शेतात मोटर आहे त्याला हे सांगायला नको. फूटव्हॉल्व्ह गेला की मोटर चालते, वीज जळते, आणि पाणी आहे तिथेच. त्यातून आज्जीचा घोटा आखडलेला. घोटा वाकला नाही की पोटरी नीट आवळत नाही, म्हणजे मोटरही अर्धीच. आमच्याकडे पाणी उलट दिशेला पाठवण्याचं कुणाला नवल नाही. पूर्वेला कृष्णेकडे जाणारी कोयना आम्ही डोंगर पोखरून पश्चिमेला पोफळीला नेली आणि त्यावर वीज केली. पण आज्जीच्या पायात जे उलटं वाहत होतं त्याचं काही होत नव्हतं. दाब कातडीपर्यंत पोहोचायचा. केशवाहिन्यांमधून पाणी पाझरायचं, पाय भरायचा. त्यातून तांबड्या पेशीही बाहेर यायच्या आणि त्यांतलं लोह कातडीत साचायचं. तिच्या घोट्याभोवतीची कातडी वर्षानुवर्षं तपकिरी होती. तो चक्क गंज होता. आम्ही त्याला उन्हाचा रापलेपणा समजत होतो. तेही एकाच पायाचा!

मग चार बाळंतपणं (गरोदरपणात पोटातल्या मोठ्या शिरांवर दाब येतो आणि पायांच्या शिरा आणखी ताणतात), आणि चाळीस पावसाळे भाताच्या खाचरात उभं राहून लावणी. छेचाळीस वर्षांनी ती कातडी इतकी पातळ आणि उपाशी झाली होती की जळू नसती तर करवंदीच्या काट्याने झालं असतं, नाहीतर खाटेच्या पायाने.

अकरा वर्षांची जखम म्हटल्यावर डॉक्टरांनी कडेचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. फार जुन्या जखमेत क्वचित कॅन्सर होतो. १८२८ मध्ये मार्जोलिन नावाच्या फ्रेंच सर्जनने जुन्या व्रणांवरच्या अशा गाठींचं वर्णन केलं म्हणून त्याला त्याचं नाव आहे. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल मी लिहीत नाही. रिपोर्ट चांगला आला.

आणि उपचार? चार थरांची पट्टी. घोट्यापाशी साधारण ४० मिलिमीटर दाब देईल अशी घट्ट, वर गुडघ्याकडे जाताना कमी होत जाणारी. दर आठवड्याला सोडायची, जखम सलाइनने धुवायची, न चिकटणारी जाळी ठेवायची, पुन्हा बांधायची. बसलं की पाय वर. आतला दाब कमी होत नसेल तर बाहेरून दाबा, बस्. आज्जी परत येताना गाडीत चिडलेलीच होती. "एवढ्या लांब आलो आन् लावायला कायबी दिलं न्हाई!"

पहिली पट्टी बांधण्याआधी डॉक्टरांनी तिच्या दंडाला आणि मग घोट्याला बीपीचा पट्टा लावून, एका छोट्या यंत्राने फुस्-फुस् आवाज ऐकत काहीतरी मोजलं होतं. मी तेव्हा दाराबाहेर हापिसचा कॉल घेत होतो. प्रॉडक्शनला काहीतरी पडलं होतं. काय पडलं होतं ते आज आठवत नाही.

जून २०२४ मध्ये जखम भरली. पाच महिने. अकरा वर्षांपुढे पाच महिने! आज्जीने पहिल्यांदा काय केलं तर गावातल्या एका बारशाला गेली आणि आतल्या खोलीत, पाळण्याला टेकून बसली. आता तिला तो घट्ट मोजा जन्मभर घालायचा आहे, कारण झडपा काही परत येत नाहीत. मे महिन्यात ती त्या मोज्याला ज्या शिव्या देते त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आणि मी? मी पायाच्या जखमांचा तज्ज्ञ झालो. जालावर जेवढं मिळेल तेवढं वाचलं. हिंजवडीत आमच्या टीममधल्या मधुमेह असलेल्या एका मित्राला मी लंच टेबलवर बूट काढायला लावले होते, इतका. (त्याचंही सांगतो, कारण ते वेगळं प्रकरण आहे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. त्या जखमा घोट्याजवळ नसतात, तळव्याला, जिथे भार पडतो तिथे, आधी घट्टा आणि मग घट्ट्याखाली खड्डा. आणि दुखत नाहीत, हीच मेख. दिवसभर बुटात खडा असतो आणि माणसाला पत्ता नसतो. नवरात्रात अनवाणी राहणाऱ्या मधुमेही मंडळींना तापलेल्या डांबरावर फोड येतात ते असेच. कुष्ठरोगातही हेच होतं. बोटं रोगाने झडतात असं लोक समजत. वेल्लोरला काम केलेल्या पॉल ब्रँड या डॉक्टरांनी दाखवून दिलं की मुख्य नुकसान वेदना गेल्यामुळे होतं, न जाणवलेल्या जखमांमुळे. मऊ रबराच्या एमसीआर चपला आल्या त्या याच समजातून. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. म्हणजे २० कोटी तळवे. रात्री झोपताना आरसा धरून बघायला दोन मिनिटं लागतात. मित्राने बघितले का? नाही. त्याने माझ्याबरोबर जेवायला बसणं बंद केलं.)

तर अशा माझ्या तज्ज्ञपणाच्या ऐन भरात, सप्टेंबर २०२४ मध्ये, तात्यांचा फोन आला.

तात्या म्हणजे आज्जीचे धाकटे भाऊ. भूकंपात त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. सत्तरीचे, काडीसारखे, आणि तोंडात बिडी नाही असा त्यांचा एकही फोटो नाही, लग्नातला धरून. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला जखम झाली होती आणि महिना झाला तरी भरत नव्हती. त्यांनी आज्जीचा पाय बघितला होता. "बाबू, आक्कीला बांधली ती पट्टी मला बी धाड की. लई गुण आला म्हनं."

मी व्हॉट्सॲपवर फोटो मागवला. जखम दिसली. महिन्याहून जुनी, भरत नाही, वय झालेलं. तज्ज्ञ माणसाला आणखी काय लागतं? मी त्याच रात्री पट्ट्यांचा एक सेट मागवून त्यांच्या पत्त्यावर पाठवला, वर कशी गुंडाळायची याचा व्हिडिओ. "घट्ट बांधा हां तात्या, सैल बांधून उपयोग नाही." हे माझे शब्द. मेसेज अजून आहे.

त्या फोटोत जे होतं ते आता मला डोळे मिटून दिसतं. जखम घोट्याच्या आत नव्हती, बोटांच्या टोकाला होती. ओली नव्हती, कोरडी होती, कडा पंच मारल्यासारख्या सरळ, तळ फिकट आणि मधे काळा. पायावर एक केस नाही, कातडी चकचकीत. सूज नाही. आणि जे फोटोत नव्हतं पण विचारलं असतं तर कळलं असतं : वर्षभर तात्या देवळापर्यंत जाताना मधे दोनदा थांबत. पोटरी धरते, म्हणत. दोन मिनिटं उभं राहिलं की सुटते. रात्री पाय इतका दुखायचा की ते तो खाटेवरून खाली लोंबकळत ठेवून झोपायचे. आज्जीला पाय वर घेतला की बरं वाटायचं. तात्यांना खाली सोडला की.

आज्जीच्या पायातून रक्त वर जात नव्हतं. तात्यांच्या पायात ते खाली येतच नव्हतं.

पट्टी त्यांनी सांगितल्याप्रमाणे घट्ट बांधली. कळ वाढली. दुखतंय म्हणजे गुण येतोय असं त्यांनी धरलं, आणि नातवाने पुण्याहून पाठवलेली पट्टी सोडायची कशी, म्हणून पाच रात्री काढल्या. सहाव्या दिवशी मामींनी जबरदस्तीने सोडली तेव्हा अंगठा आणि शेजारचं बोट काळं होतं आणि पाऊल बर्फासारखं.

पुन्हा कऱ्हाड, तेच डॉक्टर. या वेळी मी फोन बंद करून आत उभा होतो. दंडाला पट्टा : १५०. घोट्याला पट्टा, त्या छोट्या डॉपलरने आवाज ऐकत : ६०. साठ भागिले दीडशे, ०.४. निरोगी माणसात हे गुणोत्तर १ च्या आसपास असतं. ०.९ च्या खाली म्हणजे धमन्या अरुंद झालेल्या. ०.८ च्या खाली गेलं तर आज्जीसारखी पूर्ण दाबाची पट्टी बांधायची नाही. तात्यांसारखं असेल तर मुळीच नाही. (जुन्या मधुमेहात धमन्या चुन्यासारख्या कडक होऊन हा आकडा खोटा जास्त येतो, तेव्हा नुसता आकडा बघूनही चालत नाही.) एवढी ती पाच मिनिटांची मोजणी. आज्जीच्या वेळी ती झाली होती. मी दाराबाहेर होतो.

गणित माझ्याच्याने राहवलं नाही. रक्त पोचायला घोट्यापाशी साठ मिलिमीटरचं बळ, आणि मी बाहेरून चाळीसची पट्टी पाठवली. बरं, चाळीसही नाही. दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये पातळ नळकांड्याचं सूत्र होतं : दाब म्हणजे ताण भागिले त्रिज्या. पट्टी तीच, ओढ तीच, पण पाय जेवढा बारीक तेवढा दाब जास्त. आज्जीचा पाय सुजलेला आणि जाड. तात्यांचा काडी. माझ्या पट्टीने तिथे चाळीसच्या वर किती झालं असेल, ते मी अजून काढलेलं नाही. त्या पेपरला मला ८१ मार्क होते.

डॉक्टरांनी मला काही म्हटलं नाही. अँजिओग्राफी झाली, गुडघ्याच्या वरची अरुंद झालेली धमनी फुगा घालून मोकळी केली, पाय वाचला. दोन बोटं गेली. ती तशीही गेली असती का, हे मी विचारलं. ते म्हणाले, "बिडी चालू होती, जखम महिन्याची होती, सांगता येत नाही." चांगला माणूस. चाळीस-पन्नास वर्षांची बिडी हे मूळ कारण, हे खरंच आहे. तंबाखू, बीपी, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धमन्यांच्या जखमांची हीच चार ठरलेली माणसं. आणि बिडी-सिगरेट ओढणाऱ्या तरुणांत तर बर्जर नावाचा आजार तिशी-चाळिशीतच बोटांपासून सुरू होतो, आपल्याकडे तो युरोपापेक्षा जास्त दिसतो. हापिसच्या टपरीवर उभ्या असलेल्या मंडळींना मी हे सांगतो तेव्हा ती माझ्या मित्रासारखीच वागतात.

पण ती पाच रात्रींची पट्टी कुणी पाठवली, त्याचं उत्तर डॉक्टरांच्या वाक्यात नव्हतं.

तात्यांना मी सरळ सांगितलं. की चूक माझी, न बघता पाठवली. ते बराच वेळ पायाकडे बघत होते. मग म्हणाले, "दोनच गेली ना? आठ हायती की. रडतुस कशाला?" त्यांनी बिडी सोडली आहे असं मामी सांगतात. पोलकं हुंगून बघतात म्हणे रोज. फोनवर माझ्याशी बोलताना मात्र ते आता आजाराबद्दल काही बोलत नाहीत. भाताबद्दल बोलतात.

गेल्या दिवाळीला घरी गेलो होतो. बाबा एस.टी.त वाहक आहेत, चिपळूण-कऱ्हाड मार्गावर त्यांची निम्मी हयात गेली. कुंभार्ली घाटाच्या वळणांवर एका हाताने दांडी धरून तिकिटं फाडायची, तीही आठ-आठ तास उभं राहून. ड्युटीवरून आले, ओटीवर बसले, मोजे काढले. मी चहा घेऊन आलो आणि कप तसाच हातात राहिला. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, मोज्याच्या रबराच्या जरा वर, तळहाताएवढा तपकिरी डाग. पोटरीवर दोन शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. कातडी शाबूत.

"हे कधीपासून?"

"असंल चार-पाच वर्षं. मोजा काचतो तिथं."

मी त्यांना सगळं सांगितलं. उभं राहण्याचं काम, घरातच शिरांचा दोष असणं, वाढतं वय आणि वाढतं पोट, हे सगळं एका ओळीत उभं आहे म्हणून. त्यांची मोठी शीर चांगली असेल आणि दोष नुसत्या वरवरच्या शिरांचा असेल तर तो दुरुस्त करता येतो म्हणून. ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता. पट्टी बांधत असतानाच वरवरच्या शिरा लवकर बंद केल्या त्यांच्यातल्या निम्म्या लोकांची जखम ५६ दिवसांत भरली, ज्यांनी वाट पाहिली त्यांना ८२ लागले. आणि बाबांना तर अजून जखम झालेलीच नाही. मी फोटो काढला नाही. काही मागवलंही नाही. सोमवारी कऱ्हाडला डॉपलर करायचा, घोट्यावरचं बीपी मोजायचं, मी रजा वाढवतोय, एवढं सांगितलं.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चहा संपवला, कप बाजूला ठेवला, पाय पुढे करून त्या डागावर अंगठा फिरवला.

"बरं. मग तोवर ह्याला लावू काय?"